नंबर फील्डची सवय बदलायची, तर हात नेमका कुठे घालायचा?

नमस्कार.

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. काही चुकीचं समजलो असेन तर सांगा. पिंपळगावच्या एका कांदा व्यापाऱ्यासाठी तुम्ही हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर एक्स्टजेएस या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कच्या सहाव्या आवृत्तीत, त्यातल्या क्लासिक टूलकिटवर (स्क्रीनच्या घटकांच्या एका संचावर) केलंय. रक्कम त्यांना आपल्याकडच्या रीतीने दिसायला हवी, १२५००० नव्हे तर १,२५,०००. फ्रेमवर्कमध्ये आकड्यांना स्वल्पविराम द्यायची सोय आहे, पण ती तीन-तीन अंकांचे गट पाडते, १२५,०००. म्हणून तुम्ही नंबर फील्डची सेटव्हॅल्यू ही मेथड ओव्हरराइड केली, म्हणजे फ्रेमवर्कच्या मेथडच्या जागी स्वतःची लिहिली. आकडा आला की स्वल्पविराम घालायचे आणि सेटरॉव्हॅल्यूने थेट खोक्यात लिहायचं. कॉलपॅरंटने मूळ मेथडला बोलावलं तर खोक्यात नुसता १ येत होता, म्हणून ती ओळच काढून टाकली. मग फील्डला लाल कड यायला लागली, ही वैध संख्या नाही म्हणून. तेव्हा चुकांची यादी देणारी गेटएरर्सही ओव्हरराइड करून रिकामी यादी परत पाठवली. आता रेकॉर्ड उघडल्यावर रक्कम छान दिसते, पण फील्डमध्ये जाऊन टॅब दाबला की १,२५,००० चा १ होतो. एकूण रकमेचं फील्ड कधी बदलतं, कधी नाही. शेतकऱ्याच्या पत्त्यातला पिनकोड ४,२२,००१ असा दिसतो. आणि एका फील्डचे दशांश शून्य केले की सगळ्याच स्क्रीनवरचे दशांश जातात. तुम्ही शेवटी विचारलंय, आणखी कोणती मेथड ओव्हरराइड करू?

आणखी कोणतीच नाही. आहेत त्या दोन्ही काढा आणि वेगळ्या ठिकाणी तीन छोट्या मेथड लिहा. का, ते सविस्तर सांगतो, कारण उद्या तारखेचं फील्ड किंवा कॉम्बोबॉक्स असाच वाकवायची वेळ येईल तेव्हा हाच विचार पुन्हा करावा लागेल. मेथडची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, कोडमध्ये ती नेहमीच्या स्पेलिंगने शोधा. आकडे इथे मराठी अंकांत असले तरी स्क्रीनवर ते इंग्रजी अंकच आहेत असं धरा.

मला दिसतं ते असं, की तुमच्याकडे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. पहिला, बदल कुठल्या मेथडमध्ये करायचा. दुसरा, तो बदल किती फील्डना लागू करायचा. टॅब दाबल्यावर येणारा १ आणि एकूण रकमेची गडबड पहिल्यामुळे आहे. पिनकोड आणि दशांश दुसऱ्यामुळे. एकाच फाइलमध्ये दोन्ही चुका असल्यामुळे एक दुरुस्त करायला गेलं की दुसरी डोकं वर काढते.

पहिल्यापासून सुरुवात करू.

फील्डकडे कायम दोन गोष्टी असतात. एक म्हणजे खोक्यात दिसणारा मजकूर, त्याला फ्रेमवर्क रॉ व्हॅल्यू म्हणतं आणि ती नेहमी स्ट्रिंग असते. दुसरी म्हणजे खरी व्हॅल्यू, तुमच्या बाबतीत संख्या. या दोघांमध्ये ये-जा करायला ठरलेले दरवाजे आहेत. संख्या मजकूर होऊन बाहेर पडते ती व्हॅल्यूटूरॉ मधून. मजकूर संख्या होऊन आत येतो तो रॉटूव्हॅल्यू मधून, आणि त्याच्याही आधी प्रोसेसरॉव्हॅल्यू त्याची साफसफाई करते. बाजार समितीच्या आवारात ट्रॉली कुठल्याही गावाहून आली तरी नोंद गेटवरच होते ना, तसंच. तुम्हाला नोंदीची पद्धत बदलायची आहे, तर गेटवर बदला. सेटव्हॅल्यू हे गेट नाही. सेटव्हॅल्यू मूळ क्लासमध्ये दोनच कामं करते: व्हॅल्यूटूरॉ कडून मजकूर घेऊन खोक्यात लिहिते, आणि मग व्हॅल्यू साठवून ती बदलली का ते तपासायला लावते. चेंज इव्हेंट, म्हणजे व्हॅल्यू बदलल्याची सूचना, उडतो तो या दुसऱ्या कामातून. कॉलपॅरंटची ओळ काढल्यावर दुसरं काम बंद पडलं. म्हणून रेकॉर्ड लोड होताना चेंज उडत नाही, आणि एकूण रकमेचं फील्ड तर चेंजवरच कान लावून बसलंय.

मग कॉलपॅरंट ठेवल्यावर १ का येत होता? कारण तुम्ही त्याला स्वल्पविराम घातलेली स्ट्रिंग दिलीत. मूळ सेटव्हॅल्यूने ती व्हॅल्यूटूरॉ कडे दिली, तिने पार्सव्हॅल्यू कडे, आणि तिथे आतमध्ये जावास्क्रिप्टचं साधं पार्सफ्लोट आहे. पार्सफ्लोट डावीकडून वाचत जातं आणि संख्येत न बसणारं पहिलं अक्षर दिसलं की थांबतं. १,२५,००० मध्ये पहिला स्वल्पविराम दुसऱ्याच जागेवर आहे. त्यामुळे १. ते तक्रारही करत नाही, कारण त्याच्या नियमाने १ हे बरोबर उत्तर आहे.

टॅब दाबल्यावर काय होतं ते मात्र स्वतः डोळ्यांनी बघा. डीबग बिल्ड लोड करा, ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नंबर फील्डच्या सेटव्हॅल्यूवर ब्रेकपॉइंट ठेवा, रकमेच्या खोक्यात जा आणि टॅब दाबा. कोड थांबेल तेव्हा उजवीकडे कॉल स्टॅक दिसेल, म्हणजे कोणत्या मेथडने कोणाला बोलावलं त्याची यादी. त्यात खालून वर वाचत या: ऑनब्लर, त्याने बोलावलेली बिफोरब्लर, आणि तिने बोलावलेली तुमची सेटव्हॅल्यू. बिफोरब्लर उघडून वाचा, दोन-तीन ओळींची आहे. ती खोक्यातला कच्चा मजकूर उचलते, पार्सव्हॅल्यूला देते, आणि रिकामं नसेल ते उत्तर परत सेटव्हॅल्यूला देते. म्हणजे तुम्ही सुंदर सजवून ठेवलेला १,२५,००० तिने वाचला, १ म्हणून समजून घेतला, आणि तुमच्याच मेथडकडून १ लिहून घेतला. तुमची मेथड सांगितलं ते चोख करत होती.

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि माझ्या मते या उत्तरातली सगळ्यात कामाची. बाकी सगळे रस्ते, म्हणजे गेटव्हॅल्यू, व्हॅलिडेशन, फॉर्म सबमिट, हे प्रोसेसरॉव्हॅल्यू मधून जातात. बिफोरब्लर एकटी जात नाही. ती थेट पार्सव्हॅल्यू गाठते. त्यामुळे नुसती प्रोसेसरॉव्हॅल्यू सुधारली तर सर्व्हरवर बरोबर आकडा जाईल, पण टॅबवर पुन्हा १ होईल. नुसती पार्सव्हॅल्यू सुधारली तर टॅब ठीक चालेल, पण व्हॅलिडेशनला स्वल्पविरामवाला मजकूर मिळून लाल कड येईल आणि सबमिट करताना सर्व्हरवर स्वल्पविराम जातील. दोन्ही हव्यात. कागदपत्रं वाचून हे मला कधी समजलं नसतं. ते कॉल स्टॅकमध्येच दिसलं.

तर तीन मेथड अशा.

व्हॅल्यूटूरॉ मध्ये आधी कॉलपॅरंट करून मूळ उत्तर घ्या. ते पूर्णांक-दशांश नीट बसवलेली स्ट्रिंग देईल, १२५०००.५ अशी. मग दशांश चिन्हावर तोडा, पूर्णांकाच्या भागात शेवटचे तीन अंक एक गट आणि त्याआधी दोन-दोनचे गट करा, आणि जोडून परत द्या. मूळ मेथडचं काम पुन्हा लिहू नका. रिकामं खोकं, नल, दशांशांची मर्यादा, हे सगळं तिने आधीच सांभाळलेलं असतं. उणे चिन्ह मात्र आधी बाजूला काढून ठेवा. नाहीतर कपातीच्या फील्डमध्ये उणे १२५ लिहिल्यावर शेवटचे तीन अंक १२५, उरलं फक्त चिन्ह, आणि खोक्यात दिसतं -,१२५.

पार्सव्हॅल्यू मध्ये आलेल्या मजकुरातले सगळे स्वल्पविराम काढा आणि तो स्वच्छ मजकूर कॉलपॅरंटला द्या.

प्रोसेसरॉव्हॅल्यू मध्ये उलटा क्रम. आधी कॉलपॅरंट, मग जे मिळेल त्यातले स्वल्पविराम काढून परत.

वर "सगळे स्वल्पविराम" असं मुद्दाम लिहिलं. जावास्क्रिप्टच्या रिप्लेसला साधी स्ट्रिंग दिली तर ते फक्त पहिला स्वल्पविराम काढतं. सगळे काढायला ग्लोबल झेंडा लावलेला रेगेक्स (मजकुरातला नमुना शोधायचा नियम) हवा. ही चूक मी स्वतः केली आहे. २०१३ साली, चौथ्या आवृत्तीवर, अशाच एका आडतीच्या दुकानासाठी. मी ४५,००० टाकून बघितलं, ८,७५० टाकून बघितलं, दोन्ही बरोबर आले, कारण त्यात एकच स्वल्पविराम असतो. हंगामात एका शेतकऱ्याचा तीन ट्रॉल्या कांदा आला, ६२.५ क्विंटल, भाव २,०००. रक्कम १,२५,०००. पहिला स्वल्पविराम गेला, उरलं १२५,०००, पार्सफ्लोटने वाचलं १२५. पट्टीवर १२५ रुपये छापून आले. दुकानदाराने लगेच हाताने पट्टी लिहून दिली, कुणाचं नुकसान झालं नाही. पण पट्टी हातात घेऊन तो माणूस काउंटरसमोर उभा होता, तो चेहरा मी विसरलेलो नाही. त्याच्यासाठी तो आकडा म्हणजे चार-पाच महिन्यांची मेहनत असते. तेव्हापासून लाखाच्या वरचा आणि कोटीच्या वरचा आकडा टाकून बघितल्याशिवाय मी रकमेचं फील्ड कुणाच्या हातात देत नाही.

या तीन मेथड लिहिल्यावर गेटएरर्सला हात लावायची गरजच उरत नाही. तिला प्रोसेसरॉव्हॅल्यू मधून गाळलेला मजकूर मिळतो, त्यात स्वल्पविराम नसतात, लाल कड येत नाही. तुमचं ते रिकामी यादी देणारं ओव्हरराइड आजच काढा. त्याने फक्त लाल कड गेलेली नाही, किमान-कमाल मर्यादाही गेल्यात. सध्या तुमच्या फॉर्ममध्ये शून्य क्विंटल वजन आणि दहा कोटींचा भाव दोन्ही निमूट सेव्ह होतात. व्हॅलिडेशन ओरडतंय म्हणजे आत कुठेतरी मजकूर आणि संख्या यांची गल्लत होतेय. तोंड बंद केलं तर गल्लत तशीच राहते.

ग्रिडमध्ये तर हे जास्त जाचतं. सेल एडिटिंगमध्ये एडिटरची मूळ सेटिंग अशी असते की व्हॅल्यू अवैध असेल तर बदल रद्द करून जुनी व्हॅल्यू परत आणायची. गेटएरर्स गप्प केली नसती तर तुमच्या गिऱ्हाईकाला ग्रिडमध्ये रक्कम बदलली, एंटर मारला, आणि काहीही न सांगता जुना आकडा परत आला, असं दिसलं असतं. कुणाला असं होत असेल तर त्यांनीही आधी इथेच बघावं.

आता टाइप करण्याबद्दल. नंबर फील्ड कुठली अक्षरं उमटू द्यायची हे बेसकॅर्स या प्रॉपर्टीवरून ठरवतं, त्यात फक्त दहा अंक असतात. दशांश चिन्ह आणि उणे ते स्वतः गरजेप्रमाणे जोडतं. तुमचा वापरकर्ता स्वल्पविराम टाइप करणार असेल, किंवा ऑटोस्ट्रिपकॅर्स (नको असलेली अक्षरं आपोआप गाळायची सेटिंग) चालू असेल, तर बेसकॅर्समध्ये स्वल्पविराम घालाच. ऑटोस्ट्रिपकॅर्स चालू असताना मूळ प्रोसेसरॉव्हॅल्यू नको असलेली अक्षरं नुसती गाळत नाही, गाळलेला मजकूर परत खोक्यात लिहिते. म्हणजे कुणी नुसती गेटव्हॅल्यू विचारली तरी समोरचे स्वल्पविराम उडून जातात, आणि ते का उडाले हे शोधण्यात दिवस जातो. आणखी एक: अक्षरं गाळायचा रेगेक्स इनिटकंपोनंट, म्हणजे फील्ड तयार होताना चालणारी मेथड, चालू असताना तयार होतो. बेसकॅर्स क्लासच्या अंगातच लिहा, नाहीतर इनिटकंपोनंटमध्ये कॉलपॅरंटच्या आधी. नंतर लिहिलं तर कोड बरोबर दिसतो आणि परिणाम शून्य.

गट पाडायला हाताने लूप लिहायचा नसेल तर ब्राउझरचं टूलोकेलस्ट्रिंग चालतं, भारतीय इंग्रजीचा लोकेल (भाषा-प्रदेशाची खूण) दिला की ते लाख-कोटीचे गट बरोबर पाडतं. दोन ठिकाणी सांभाळा. सांगितलं नाही तर ते तीनच दशांश ठेवतं, त्यामुळे जास्तीत जास्त दशांश किती ते फील्डच्या डेसिमलप्रिसिजन वरून द्या. दुसरं म्हणजे, मराठी लोकेल दिला तर आकडा मराठी अंकांत येतो. दिसायला आपल्याला आवडेल असंच, पण पार्सफ्लोटला मराठी अंक कळत नाहीत, ते नाही-संख्या असं उत्तर देतं. गिऱ्हाईकाला मराठी अंक हवेच असतील तर हेच तीन दरवाजे कामाला येतात: बाहेर जाताना इंग्रजीचे मराठी करायचे, आत येताना उलट. युनिकोडमध्ये मराठी शून्य २४०६ क्रमांकावर आहे आणि नऊपर्यंत सगळे ओळीने आहेत, म्हणजे अक्षराच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की अंक मिळतो. बेसकॅर्समध्ये ते दहा अंकही घालावे लागतील.

इथवर पहिला प्रश्न झाला. आता दुसरा, बदल कितीजणांना लागू करायचा.

तुम्ही जे केलंत ते ओव्हरराइड आहे, आणि ओव्हरराइड म्हणजे मूळ नंबर क्लासच्या प्रोटोटाइपवरच, सगळी फील्डं ज्यावरून बनतात त्या साच्यावरच, लिहिणं. त्या क्षणापासून अॅपमधलं प्रत्येक नंबर फील्ड बदललं. तुम्ही बनवलेलं आणि न बनवलेलंही. पिनकोडचं फील्ड निदान तुमच्या डोळ्यांसमोर होतं. नाशिकचा ४२२००१ चुकीचा दिसला म्हणून लक्षात तरी आलं. खरं तर पिनकोड ही संख्या नाहीच, त्यावर कुणी बेरीज-वजाबाकी करत नाही. ते साधं टेक्स्ट फील्ड करून सहा अंकांचा रेगेक्स लावा. पण पेजिंग टूलबार बघा. ग्रिडखाली पान क्रमांकाचं जे छोटं खोकं असतं, ते फ्रेमवर्कने स्वतः नंबर फील्ड वापरूनच केलंय. तुमच्या आवक वहीची हजारच्या वर पानं झाली की तिथे १,००० दिसेल, कुणी एंटर मारला की ते १ वाचलं जाईल, आणि माणूस पहिल्या पानावर जाऊन पडेल. ही तक्रार दोन वर्षांनी येईल आणि तेव्हा तिचा संबंध या फाइलशी कुणालाही लागणार नाही.

म्हणून इथे एक्सटेंड करा. नंबर फील्डवरून नवा क्लास, त्याला स्वतःचा एक्सटाइप (स्क्रीनच्या कोडमध्ये वापरायचं छोटं नाव), समजा रक्कमफील्ड. वरच्या तीन मेथड आणि बेसकॅर्स त्यात. पंचवीस-तीस ओळींच्या वर जात नाही. मग जिथे रुपये आहेत तिथेच एक्सटाइप बदला. तुम्ही लिहिलंय की ऐंशीच्या आसपास स्क्रीन आहेत आणि इतकं बदलायला वेळ नाही. अडचण समजते. तरीही माझं मत तेच राहील. ऐंशी स्क्रीनवर शोध घेऊन प्रत्येक नंबर फील्डपाशी थांबायचं आणि ठरवायचं, हे रुपये आहेत का क्विंटल, का गोण्यांची संख्या, का वाहनाचा नंबर. एका माणसाचं दिवसभराचं काम आहे. आणि हे ठरवणं कुणाला तरी करावंच लागणार. ओव्हरराइडने ते टळत नाही, फक्त सगळ्यांना "रुपये" असं उत्तर आधीच देऊन टाकलं जातं.

काहीजण मधला मार्ग सुचवतात: ओव्हरराइडच ठेवायचं, पण त्यात एक खूण ठेवायची आणि ती मुळात बंद. जिथे हवं तिथे चालू करायची. चालतं ते, पण मग प्रत्येक स्क्रीनला हात लावावाच लागतो. मग सरळ एक्सटाइपच का बदलू नये?

ओव्हरराइड वाईट आहे असं मी म्हणत नाही. फ्रेमवर्कमध्येच दोष असेल, तो सगळीकडेच दुरुस्त व्हायला हवा असेल, तर ओव्हरराइड हीच योग्य जागा. तेव्हा ते वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, वर कारण लिहा, आणि कंपॅटिबिलिटी ही सेटिंग देऊन ते नेमक्या कोणत्या आवृत्तीसाठी आहे ते बांधून टाका, म्हणजे फ्रेमवर्क पुढे गेल्यावर जुनं ठिगळ नव्या कापडावर बसणार नाही.

दशांशांची तक्रारही याच घरातली आहे. तुमच्या ओव्हरराइडमध्ये फॉरमॅटच्या पर्यायांचं एक ऑब्जेक्ट थेट क्लासच्या अंगात लिहिलंय आणि भावाच्या फील्डमध्ये त्यातले दशांश शून्य केलेत. क्लासच्या अंगात लिहिलेलं ऑब्जेक्ट किंवा अॅरे प्रोटोटाइपवर एकच असतं, सगळे इन्स्टन्स, म्हणजे त्या क्लासपासून बनलेली सगळी फील्डं, तेच वापरतात. संख्या किंवा स्ट्रिंग असती तर बिघडलं नसतं, कारण नवी किंमत दिली की ती त्या इन्स्टन्सवर वेगळी लिहिली जाते आणि प्रोटोटाइपवरची तशीच राहते. पण ऑब्जेक्टच्या आतली किल्ली बदलली की सामाईक ऑब्जेक्टच बदलतं. वाड्यात एकच पाण्याची टाकी असते, कुणीही नळ सोडला तरी सगळ्यांची कमी होते, तसं. असं ऑब्जेक्ट लागलंच तर इनिटकंपोनंटमध्ये प्रत्येकासाठी नवी प्रत करा. तुम्हाला तर तेही नको, डेसिमलप्रिसिजन नावाची साधी संख्या फ्रेमवर्कने आधीच दिलीय. ती वापरा.

कॉलपॅरंटबद्दल थोडं, कारण नवा क्लास लिहिताना तिथेच पाय अडकतो. तिला आर्ग्युमेंट्स द्यायची असतात अॅरे म्हणून, किंवा आलेली सगळी जशीच्या तशी. मूळ मेथड काही परत देत असेल तर तुम्हीही परत द्या. सेटव्हॅल्यू ते फील्डच परत देते, कुणीतरी त्यावर पुढची मेथड लावलेली असते. आणि कॉलपॅरंट आपल्याला कुणी बोलावलं हे बघून वरची मेथड शोधते, त्यामुळे ती थेट मेथडच्या अंगातच हवी. सेटटाइमआउटच्या किंवा सर्व्हरच्या उत्तराच्या कॉलबॅकमध्ये ती चालत नाही. फाइलच्या डोक्यावर स्ट्रिक्ट मोड लावला असेल तरी मोडते, कारण स्ट्रिक्ट मोडमध्ये बोलावणारा कोण ते विचारायची परवानगीच नसते. जुने लेख वाचून सुपरक्लासचं नाव लांबलचक लिहून कॉल करणं तुम्ही कुठे उचललं असेल, तर ती तिसऱ्या आवृत्तीची पद्धत आहे. २०११ साली चौथी आवृत्ती आली तेव्हापासून ती लागत नाही. ओव्हरराइडमध्ये असताना मूळ मेथड वगळून तिच्याही वरच्या क्लासची मेथड हवी असेल तर कॉलसुपर आहे, पण रोजच्या कामात ते क्वचितच लागतं.

आता परिस्थितीवर अवलंबून काय बदलेल ते.

रक्कम नुसती दाखवायची असेल, कुणी तिथे टाइप करणार नसेल, तर यातलं काहीच करू नका. ग्रिडच्या कॉलमला रेंडरर (व्हॅल्यू कशी दाखवायची ते सांगणारं फंक्शन) द्या, फॉर्ममध्ये डिस्प्ले फील्डला रेंडरर द्या. पाच ओळींचं फंक्शन. माझ्या अनुभवात अशा निम्म्याहून जास्त मागण्या इथेच संपतात. गिऱ्हाईकाला विचारा, "लिहितानाही स्वल्पविराम हवेत, की लिहून झाल्यावर दिसले तरी चालेल?" ग्रिडमध्ये तर बरेचदा रेंडररने दाखवायचं आणि एडिटर साधा नंबर फील्ड ठेवायचा, हे सगळ्यात टिकाऊ ठरतं. लिहिणारा माणूस वेगात १२५००० टाइप करतो, त्याला मध्ये स्वल्पविराम आडवे यायला नकोच असतात.

मॉडर्न टूलकिटवर असाल तर तिथलं नंबर फील्ड वेगळा क्लास आहे, ही मेथडची नावं तिथे जशीच्या तशी गृहीत धरू नका. ब्राउझरच्या स्वतःच्या नंबर प्रकारच्या इनपुटला स्वल्पविराम मुळातच चालत नाहीत. तिथे टेक्स्ट फील्डवरून सुरुवात करणं सोपं जातं.

डोजो, क्यूक्सडू, जेक्वेरी यूआय अशा दुसऱ्या फ्रेमवर्कवर काम करणाऱ्यांसाठी: वरच्या मेथडला बोलावायची पद्धत तेवढी बदलते, डोजोत इन्हेरिटेड, क्यूक्सडूत बेस, जेक्वेरी यूआयमध्ये अंडरस्कोर सुपर. दरवाजे शोधायची रीत तीच. कॉल स्टॅक बघा, मजकूर आणि व्हॅल्यू एकमेकांत बदलतात ती सगळ्यात अरुंद जागा शोधा, तिथेच लिहा. नावापुढे प्रायव्हेट असं लिहिलेल्या मेथडवर मात्र बांधकाम करू नका, आवृत्ती बदलली की ती विचारल्याशिवाय जाते.

कामाचा क्रम मी असा ठेवेन. आधी दोन्ही ओव्हरराइड काढून अॅप चालवून बघा. रक्कम साधी दिसेल, पण टॅब, एकूण, पिनकोड, दशांश सगळं ताळ्यावर यायला हवं. नाही आलं तर आणखी कुठेतरी ठिगळ आहे, ते आधी शोधा. मग रक्कमफील्डचा क्लास लिहा आणि एकाच स्क्रीनवर लावा. हिशोबपट्टीचीच घ्या, कारण तिथे हमाली, तोलाई, कपात, एकूण, सगळ्या प्रकारचे आकडे एकत्र येतात. प्रत्येक आकडा टाकून टॅब, परत त्याच फील्डमध्ये येऊन काही न बदलता टॅब, मग सेव्ह करून रेकॉर्ड पुन्हा उघडणं, हे तिन्ही करा. आकडे हे घ्या: रिकामं, ०, ९९९, १,०००, ९९,९९९, १,००,०००, १,२५,०००.५०, उणे १२५, आणि १,००,००,०००. शेजारी ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये सर्व्हरवर नेमकं काय जातंय तेही बघत राहा, तिथे एकही स्वल्पविराम दिसता कामा नये.

हे नीट चाललं की बाकीच्या स्क्रीन घ्या. आणि सगळं झाल्यावर आवक वहीच्या ग्रिडमध्ये, हजार पानं होतील इतका पानाचा आकार तात्पुरता छोटा करून, पेजिंग टूलबारवर हजारावं पान उघडा. तिथे १००० असं साधं दिसलं, तर जुनं ओव्हरराइड खरोखर निघालं.